टाकीचं झाकण

मला लोक कानसेन म्हणायचे. गाडीजवळ नुसता उभा राहिलो तरी इंजिनाचं दुखणं ओळखतो, अशी माझी ख्याती होती, आणि ती पसरवायला मीही थोडी मदत केली होती. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, तेवढा हक्क आहेच माणसाला.

खरी गोष्ट अशी, की गेली चार-पाच वर्षं माझे कान कामातून गेले आहेत. ठोके ऐकू येतात, खडखड ऐकू येते. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले. आधी फोनची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी, मग बायकोच्या बोलण्यातली निम्मी अक्षरं. "तू हल्ली फार पुटपुटतेस," असं मी तिलाच वर बोलायचो. गॅरेजात लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची, म्हणजे ठोके हाडातून आत येतात. त्यावर निभावत होतं. गिऱ्हाईक काय बोललं ते कळलं नाही, तर हसून मान हलवायची. मान हलवणाऱ्या माणसाला कोणी बहिरा म्हणत नाही.

माझा मोठा भाऊ शाळेची मुलं ने-आण करायचा. त्याची व्हॅन शाळेतल्या सगळ्यात तरुण बाईंपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. पुढची सीट उचलली की खाली इंजिन, अशी जुन्या घडणीची. भाऊ आजारपणात गेला आणि वहिनीने सत्तेचाळिसाव्या वर्षी स्टिअरिंग धरलं. शिकवलं मीच. शिकवलं म्हणजे, शेजारी बसून ओरडलो. ती मात्र एकदाही उलट बोलली नाही, आणि दोन महिन्यांत भावापेक्षा बरी गाडी चालवायला लागली. हे आज सांगतोय. तेव्हा जीभ झडली असती तरी बोललो नसतो.

तीन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा वहिनी गाडी घेऊन गॅरेजवर आली. म्हणाली, "भाऊजी, गाडीत पेट्रोलचा वास येतो. मागं बसणारी दोन मुलं रोज उलट्या करतात."

वास टाकीच्या झाकणातून येत होता. झाकण गंजून त्याला भोक पडलं होतं, टाकी भरलेली असली की त्यातून पेट्रोल हिंदकळायचं. दोन गोळे एकत्र मळले की दगडासारखी घट्ट होते ती लांबी मी घेतली आणि आतून अंगठ्यानं दाबून बसवली. त्या वेळी गॅरेजात एक गिऱ्हाईक बसलं होतं. एका ट्रकचं दुखणं मी रस्त्याच्या पलीकडून, चहा पिता पिता, नुसत्या कानानं कसं ओळखलं होतं, ते मी त्याला रंगवून सांगत होतो. नजर त्याच्या तोंडाकडे आणि अंगठा झाकणात. वास त्याच दिवशी बंद झाला. वहिनीने दोनदा आभार मानले.

त्यानंतर आठवड्याभरात व्हॅन पहिल्यांदा बंद पडली.

मुलं शाळेत सोडून परत येताना, चढावर. इंजिन आचके देत गेलं आणि थांबलं. वहिनीने सेल्फ मारून मारून बॅटरी दमवली, गाडी हूं की चूं करेना. तिनं फोन केला, माझ्या खिशात तो थरथरला. मी हातातलं काम टाकून स्कूटरवर गेलो. बंद पडलेल्या गाडीजवळ गेलो की माझं पहिलं काम ठरलेलं असतं: टाकी उघडून आत डोकावायचं. कारण निम्म्या वेळा आत पेट्रोलच नसतं आणि माणसं तासभर इंजिन खोलत बसतात. मी झाकण उघडलं, पेट्रोल होतं, झाकण लावलं. सीटवर बसून चावी फिरवली. पाच-सहा आचक्यांत गाडी सुरू झाली.

"काय केलंत?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. हात लावला."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. मी जायचो, टाकीत बघायचो, चावी फिरवायचो, गाडी सुरू. तिसऱ्या वेळी रस्त्यावर चार माणसं जमली होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "वहिनी, चोक ओढून ओढून इंजिनाला पेट्रोलनं आंघोळ घालता तुम्ही. नाचता येईना, अंगण वाकडं." माणसं हसली. वहिनीही हसल्यासारखं करून गाडीत बसली.

तरी मी गाडी नीट तपासली नाही, असं कोणी म्हणू नये. दोन दिवस गॅरेजात ठेवून घेतली. प्लग नवे टाकले, पॉइंट घासले, कॉइल बदलून पाहिली. मग इंजिन तासभर चालवून बघितलं. माझ्या गॅरेजचा एक नेम आहे. तपासणीसाठी गिऱ्हाइकाच्या टाकीतला थेंबही जाळायचा नाही. माझी पेट्रोलची बाटली आहे, ती दाराच्या वरच्या मुठीला टांगतो आणि तिची नळी सरळ कार्बुरेटरला जोडतो. गाडी चालते ती माझ्या बाटलीवर. या नेमाचा मला फार अभिमान. तर त्या बाटलीवर व्हॅन दोन्ही दिवस तासतासभर चालली, एकदाही शिंकली नाही. झालं. दोष गाडीत नाही, म्हणजे चालवणारीत आहे. तिसरी जागाच शिल्लक राहिली नव्हती.

मग सहामाही परीक्षेचा पहिला दिवस आला. आज काही घोटाळा नको म्हणून वहिनीने सकाळीच टाकी काठोकाठ भरून घेतली. अर्ध्या वाटेत व्हॅन बंद पडली. आत अकरा मुलं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला होतो. मी पोचेपर्यंत पाऊण तास गेला, आणि माझ्या हातानं गाडी नेहमीसारखी सुरू झाली. मुलं रडत रडत वर्गात गेली तेव्हा पहिला पेपर निम्मा झाला होता.

दुपारी मुख्याध्यापिका बाईंनी वहिनीला बोलावलं आणि गाडीचा मिस्त्री म्हणून मलाही. खोलीत पालक होते, चांगलेच तापलेले. पुढच्या सत्रात गाडी हीच ठेवायची की नाही, ते तिथंच ठरायचं होतं. बाईंनी मला विचारलं, "गाडीत दोष आहे का? असेल तर दुरुस्त करून घेऊ. ताई इतकी वर्षं नीट आणतात मुलांना."

आता बघा, किती सोपा प्रश्न होता. 'कळत नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. ती मध्येच म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? तुम्ही टाकीचं झाकण उघडता ना, तेव्हा फुस्स असा आवाज येतो. दर वेळी येतो. तिथं काही असेल का?"

एका पालकानं माझ्याकडे पाहिलं. खोलीत माझी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यांतला हा एक. मला वाटलं, ही बाई चार लोकांत मला माझा धंदा शिकवते आहे. माझा पारा चढला. "वहिनी, चाळीस वर्षं या कानांनी इंजिनं ऐकली आहेत. तसा आवाज असता तर तुमच्या आधी मला नसता ऐकू आला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं, क्षणभर तसंच ठेवलं आणि मिटलं. "भाऊजी म्हणतात तर तसंच असेल," एवढंच ती बाईंना म्हणाली.

बाईंना लेखी हवं होतं. लेटरहेड मी पिशवीत घेऊनच गेलो होतो. त्यावर लिहून दिलं: गाडी तपासली, गाडीत कोणताही दोष नाही, चालवण्यातील चुकीमुळे बंद पडते. खाली सही, सहीखाली गॅरेजचा शिक्का. शिक्का मी दोनदा मारला, पहिला पुसट उठला म्हणून.

वहिनीचं काम गेलं. महिन्याभरात तिनं एका धुलाई केंद्रात इस्त्रीची नोकरी धरली आणि गाडी विकायचं माझ्यावर सोपवलं. "तुमच्या ओळखीत द्या कोणाला तरी, जपणारा बघा," म्हणाली. रोपवाटिका चालवणारे एक गृहस्थ मिळाले. त्यांना कुंड्या वाहायला हवी होती. गाडी विकायची म्हणून मी टाकी भरली, पुसून लख्ख केली, आणि एका सकाळी बायकोला शेजारी बसवून ती पोचवायला निघालो.

वीस मिनिटांत, एका लांबलचक भिंतीच्या कडेला, व्हॅन बंद पडली.

पहिल्यांदाच ती माझ्या हातात बंद पडली होती. या वेळी टाकीत डोकावायचं कारण नव्हतं, तासाभरापूर्वी मीच काठोकाठ भरली होती. मी चावी फिरवली. नाही. चोक न ओढता फिरवली, ओढून फिरवली. नाही. बायकोला म्हटलं, "उतर, सीट उचलायची आहे." प्लग काढून वायरला लावून बघितला, ठिणगी कडक. कार्बुरेटर उघडला, आत पेट्रोलचा टिपूस नाही. म्हणजे पेट्रोल येतच नव्हतं. पंपाची नळी सोडवली आणि तोंडात धरून ओढली, मिस्त्री लोक ओढतात तशी. पेट्रोल आलं नाही. उलट नळीनंच माझी जीभ ओढून धरली. जळू चिकटावी तशी. सोडवताना टच्‌ झालं ते मला जिभेवर कळलं, कानाला नाही.

चाळीस वर्षांत नळीनं मला कधी ओढलं नव्हतं. नळीत कचरा अडकला असेल, टाकीच्या बाजूनं फुंकून काढू, असं म्हणत मी मागं गेलो आणि झाकण फिरवलं.

माझी बायको एकदम दचकून मागं सरली. "अगं बाई! केवढ्यानं फुस्स झालं!"

"काय झालं?"

"फुस्स. सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखं. ऐकू नाही आलं तुम्हाला?"

मी झाकण हातात धरून उभा राहिलो. मग उलटं करून आतून पाहिलं. लांबी वाळून दगड झाली होती आणि तिच्यावर माझा अंगठा उठला होता. रेषा न्‌ रेषा दिसत होती. त्या अंगठ्याखाली एक भोक गंजाचं होतं. दुसरं भोक, कारखान्यानं ठेवलेलं, टाकीला श्वास घ्यायला. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर टाकी पेट्रोल धरून ठेवते. पंप दमतो, गाडी मरते. हे गॅरेजात आठवडाभर काढलेल्या माणसालाही माहीत असतं. मी गोष्ट रंगवून सांगता सांगता दोन्ही भोकं बुजवली होती.

मग एकेक गोष्ट आपोआप सुटत गेली, आणि सुटेल तसतसा मी आत खचत गेलो. मी पोचल्यावर गाडी सुरू का व्हायची? कारण मी आल्या आल्या झाकण उघडायचो, हवा आत जायची. गॅरेजात का बंद पडली नाही? कारण माझ्या अभिमानाच्या बाटलीवर चालली, टाकीशी संबंधच आला नाही. परीक्षेच्या दिवशी का लवकर पडली? टाकी भरलेली, आत हवेला जागाच नाही. आणि वहिनीनं तर दोष माझ्यासमोर ताटात वाढून ठेवला होता. आवाजासकट.

"काय सापडलं?" बायकोनं विचारलं.

"कचरा होता नळीत," मी म्हणालो.

हो, तसंच म्हणालो. खोटं बोलायला मला क्षणही लागला नाही. आता लाज वाटते ती झाकणाची कमी आणि या वाक्याची जास्त. दाभण घेऊन मी लांबीत भोक पाडलं. अंगठ्याच्या बरोबर मध्यावर पडलं. झाकण लावलं, नळी-प्लग परत जोडले, गाडी सुरू झाली, आणि पुढचा पाऊण तास ती नव्या नवरीसारखी गुमान चालली. मी मनात हिशेब मांडत होतो. गाडी विकली की झाकणही गेलं. कोणाला कळायचं नाही. वहिनीला नोकरी लागली आहेच. नसता उकिरडा उकरून कोणाचं भलं होणार आहे?

रोपवाटिकेचे मालक फाटकातच उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बायकोकडे वळून हसत मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्रींचा नुसता हात लागला की गाडी सुरू होते म्हणे! गावभर ऐकलंय मी."

बायको कौतुकानं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हणालो, "गाडी विकायची नाही. माफ करा." आणि वळवली. वाटेत बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. परत विचारायचं धाडस झालं नाही.

धुलाई केंद्रात आतल्या खोलीत वाफेची यंत्रं होती. घोंगावणं, धडधड, मध्येच सुस्कारे. वहिनी एका मोठ्या टेबलाशी चादरींच्या घड्या घालत होती. मी झाकण टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्या बोलून टाकलं. लांबी, भोक, बाटली, सगळं. बोलताना तिच्याकडे बघवेना, म्हणून चादरीच्या कडेकडे बघत बोललो. तिचे हात थांबले नाहीत. कडेला कड, मग मधोमध, मग हातानं सपाट.

बोलून झाल्यावर मी वर पाहिलं. तिचे ओठ हलत होते. यंत्राच्या आवाजात मला एक अक्षर कळलं नाही. सवयीनं मी हसून मान हलवली.

तिनं घडी खाली ठेवली. टेबलाला वळसा घालून आली, माझ्या दंडाला धरून मला बाहेरच्या पायरीवर आणलं आणि कानाजवळ तोंड आणून म्हणाली, "मी म्हटलं, मला त्याच दिवशी कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"तुम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही, हे. तुमचे भाऊ जायच्या आधी सांगून गेले होते. म्हणाले, त्याच्या कानांचं काही खरं नाही. पण बोलून दाखवू नकोस, त्याचं गॅरेज कानावर चालतं."

"मग बोलला का नाहीत बाईंसमोर?"

"खोलीत तुमची गिऱ्हाइकं होती, भाऊजी." तिनं पदराला हात पुसले. "एकाचं काम जाणारच होतं. दोघांचं कशाला?"

मी तिचा दीर. तिला पायरीवर बसायला सांगायचंही मला सुचलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मी आजवर नुसतं ऐकत आलो होतो. त्या पायरीवर ते मला खरोखर हवं होतं.

"उद्या शाळेत जाऊ," मी म्हणालो.

"कशाला आता?"

"तुम्ही चला फक्त."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला गेलो. मुद्दाम तीच वेळ धरली. व्हरांडा पालकांनी भरलेला होता. व्हॅन वहिनीने चालवत आणली, मी शेजारी बसलो, आणि पूर्ण वाटेत एकदाही ओरडलो नाही. बाई दारात उभ्या होत्या. मी लेटरहेडचा कागद त्यांच्या हातात दिला. रात्रभर चार वेळा लिहिलेला. त्यात मी लिहिलं होतं, की आधीचं पत्र खोटं आहे, गाडीत दोष होता, तो माझ्या हातानं झाला होता, ताईंनी तो मला दाखवला होता आणि मला ऐकू येत नसल्यामुळे मी त्यांनाच खोटं पाडलं. शिक्का या वेळी पहिल्याच फटक्यात नीट उठला.

"बाई, मोठ्यानं वाचा," मी म्हणालो.

बाईंनी एकदा पालकांकडे पाहिलं, मग वाचलं. मला ते ऐकू आलं नाही, पण कुठल्या ओळीवर आहेत ते माझ्याभोवतीच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. माझं गिऱ्हाईक असलेला तो पालकही होता. तो आधी माझ्याकडे आणि मग माझ्या कानाकडे बघायला लागला.

वाचून झाल्यावर बाईंनी कागदाची घडी केली आणि मला काहीतरी सांगितलं. चेहरा मऊ होता. माझी मान हलायला निघाली होती, ती मी थांबवली.

"बाई, मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. तरी कळलं नाही. मुलांचा गलका सुरू झाला होता. मी नाइलाजानं वहिनीकडे वळलो. ती एक पाऊल पुढं आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"दुसरी गाडी लावली आहे म्हणतात, भाऊजी. माझी आता नको आहे."

ते सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं.